अण्णांच्या जादूची तपासणी

मी आयुष्यात एकदाच ड्रॅगनचं वजन काढलं आहे. तीन टन सातशे किलो, पोट रिकामं असताना. पोट भरलेलं असेल तर त्यात दोन बैल मिळवायचे. राजाजीनगरच्या एका जुन्या घरात, अण्णांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, दिलेली कॉफी पीत पीत मी हे गणित केलं. उत्तर आल्यावर समोर बसलेल्या अण्णांनी पेन्सिल कानामागे खोचून विचारलं, "मग कौलारू छप्पर धरेल का गं?"

"नाही धरणार. वासे मोडतील."

"किती वेळात?"

"टेकल्या टेकल्या."

"अय्यो," अण्णा म्हणाले आणि चार दिवस खपून लिहिलेली अकरा पानं त्यांनी शांतपणे बाजूला ठेवली. "मग दगडी गच्चीवर उतरवतो. पण गच्ची म्हणजे दुसरं घर आलं. दुसरं घर म्हणजे दुसरी माणसं. तू माझ्या डोक्याला चांगलंच काम लावलंस, चेकरबाई."

लाखो लोकांनी पुढे ते प्रकरण वाचलं. गच्चीवर पापड वाळत घालणारी विधवा आणि तिच्या पापडांवर उतरलेला ड्रॅगन! त्या विधवेला वाचकांची पत्रं येत. ती जन्माला आली ती केवळ कौलांना वजन पेलवेना म्हणून. हे फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून आधी सांगून टाकलं.

अण्णांचं नाव मी लिहीत नाही. ज्यांनी सात खंड वाचलेत त्यांना ते कळेलच, आणि ज्यांनी वाचले नाहीत त्यांना कळून उपयोग नाही. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात त्यांच्यावर लिहा म्हणून मला तीन फोन आले. पहिल्या दोघांना मी नाही म्हटलं, कारण त्यांना हृद्य आठवणी हव्या होत्या. तिसरा म्हणाला, "मॅडम, तुम्ही त्यांच्याकडे नेमकं काय काम करायचात?" हा प्रश्न मला आवडला.

मी तपासायचे.

आम्ही दोघं इथल्या एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होतो. मशीनचा प्रत्येक भाग बनण्याआधी कागदावर काढावा लागतो, ते काम आमचं. अण्णा सेक्शनचे मुख्य. मी बावीस वर्षांची, डिप्लोमा करून नुकती लागलेली. दोघांचेही वडील महाराष्ट्रातून नोकरीसाठी इकडे आलेले. अण्णांचे माझ्या वडिलांच्या बरेच आधी आलेले, त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी इतकं मुरलं होतं की कुठे काय संपतं ते कळत नसे. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली तीन चौकोन असतात: कोणी काढलं, कोणी तपासलं, कोणी मंजूर केलं. तीन सह्या पडल्याशिवाय कागद खाली शॉपमध्ये, मशीनवर, जात नाही. अण्णांचा नियम असा की काढणाऱ्याची चूक माफ. तो विचार करत असतो, त्याचं डोकं पुढे धावत असतं. तपासणाऱ्याची चूक माफ नाही. त्याला दुसरं कामच काय असतं?

पहिल्याच महिन्यात मी एका चुकीच्या जागच्या भोकावर सही केली. खाली चाळीस नग तसेच बनले. अण्णा ओरडले नाहीत. त्यांनी ते चाळीस नग लाकडी खोक्यात भरून वर आणवले आणि माझ्या टेबलाखाली सरकवले. म्हणाले, "पाय ठेवायला होतील." मी ती नोकरी सोडेपर्यंत माझे पाय त्या खोक्यावर होते.

असा माणूस जादूच्या गोष्टी लिहितो, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. एक्कावन्नाव्या वर्षी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा ऑफिसात दोन तट पडले. एक म्हणे त्यांना मधुमेह झालाय, दुसरा म्हणे ते लेथचं दुकान टाकताहेत. निरोपाच्या समारंभात त्यांनी एवढंच सांगितलं: "मला एक शहर काढायचंय. इथे वेळ पुरत नाही." साहेबांना वाटलं टाउन प्लॅनिंग.

ते शहर त्यांनी सहा वर्षं काढलं. आधी नकाशे, मग गोष्ट. सात बुरुजांचा एक गड. त्या गडावरच्या सगळ्या माणसांचा आवाज एका मांत्रिकाने काढून घेतलेला. राजा मुका, प्रजा मुकी, भाजीवालीसुद्धा मुकी. तो आवाज परत आणायला निघालेली एका गवंड्याची मुलगी. बस, एवढंच. पण त्या गडाच्या पायऱ्या मोजलेल्या, विहिरीचं पाणी किती हात ते ठरलेलं, आणि मंत्राने एक मणाचा दगड उचलला तर उचलणाऱ्याला नंतर किती भाकरी खाव्या लागतील याचं कोष्टक भिंतीवर टांगलेलं. गोष्ट इंग्रजीत, कोष्टकं मराठीत, आणि मनासारखं वाक्य जमलं नाही की शिव्या कानडीत. ते म्हणत, "खोटं सांगायचं असेल तर मापं खरी लागतात. मापं खोटी आणि गोष्टही खोटी, मग माणसाने हात ठेवायचा कुठे?"

लिहिण्याची पद्धत कारखान्याची. कारखान्याने जुनं हजेरीचं घड्याळ भंगारात काढलं तेव्हा अण्णांनी ते लिलावात घेतलं आणि व्हरांड्यात बसवलं. सकाळी आठला कार्ड पंच. सव्वादहाला कॉफी. साडेबाराला जेवण, साडेचारला पुन्हा पंच. आठ वाजून चार मिनिटांनी पंच झाला तर ते स्वतःचा अर्धा दिवस कापत आणि उरलेली सकाळ खरोखर काही न लिहिता, उगीच अंगणात चिडून फेऱ्या मारत. वहिनी म्हणत, "कारखान्यातनं सुटले, पण कारखाना मात्र घरी आला."

पहिला खंड चार ठिकाणांहून परत आला. पाचव्या ठिकाणी, दिल्लीत, एका संपादकबाईंनी तो वाचायला घेतला आणि त्यांचं मेट्रोतलं उतरायचं स्टेशन मागे गेलं. ही गोष्ट त्यांनी स्वतः मला सांगितली. तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. दुसरा खंड छापायच्या आधीच परदेशातले लोक मागायला लागले. कॉलेजातली मुलं गडाच्या पायऱ्यांचे आकडे पाठ म्हणत.

आणि एका वाचकाचं पत्र आलं. पहिल्या खंडात घोडा एका रात्रीत जितकं अंतर जातो, तितकं नकाशावर मोजलं तर तो मरायला हवा, असं त्यात होतं. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी मला फोन आला.

"मी घोडा मारला गं."

"कुठला घोडा?"

"ते सोड. मला चेकर पाहिजे. सरकारी स्केल, महागाई भत्त्यासकट. कधी येतेस?"

मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली. पक्की नोकरी, नवरा बँकेत, मुलगा बारावीला. मी रजा टाकून दोन्ही खंड वाचले, आणि घोड्याखेरीज आणखी चौदा चुका काढून यादी घेऊनच राजाजीनगरला गेले. अण्णांनी यादी वाचली. त्यांचा चेहरा एखाद्याला लॉटरी लागावी तसा फुलला. "चौदा! अगं, चौदा!" असं म्हणत ते वहिनींना दाखवायला आत पळाले. स्वतःच्या चुका मिळाल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी राजीनामा दिला. नवरा म्हणाला, "ड्रॅगनसाठी?" मी म्हटलं, "भत्त्यासकट."

तेव्हापासून प्रत्येक प्रकरणाच्या शेवटच्या पानावर, उजवीकडे खाली, तीन चौकोन. काढलं: अण्णा. तपासलं: मी. मंजूर: वहिनी. वहिनींना इंग्रजी वाचायचा कंटाळा. त्या सही करण्याआधी एकच प्रश्न विचारत: "पोरीला काही होत नाही ना?" नाही म्हटलं की सही. तिसऱ्या खंडात पोरीचा डावा कान तुटतो. ते कळल्यावर वहिनींनी आठ दिवस मंजुरी रोखून धरली होती.

आता पैशाचं. सगळ्यांना तेच हवं असतं. सर्जापूर रोडला राहणारा माझा भाचा अजूनही दर भेटीत विचारतो, "मावशी, रफली सांग ना. करोड्समध्ये?" मी सांगते, पुष्कळ मिळाले. इतके की पुढे कुठल्याच पिढीला काम करायला नको, आणि अण्णांना पुढची पिढी नव्हती. त्यांनी त्याचं काय केलं ते ऐका. शेजारचं घर विकत घेतलं, कारण नवा मालक तीन मजले चढवणार होता आणि त्याने ड्रॉइंग बोर्डावरचा उत्तरेचा उजेड गेला असता. शहराबाहेर देवनहळ्ळीला चकोत्र्याची, म्हणजे पपनसाची, बाग घेतली. तिथले चकोत्रे लहानपणी वडिलांबरोबर खाल्लेले, आणि बागा तुटून प्लॉटांचे लेआउट होताना त्यांना बघवत नव्हतं. बिल्डरचे लोक गाड्या घेऊन येत. अण्णा त्यांना एकेक चकोत्रा सोलून देत आणि परत पाठवत. स्वतःसाठी जर्मन पेन्सिली, खोकीच्या खोकी. आणि वहिनींच्या मिक्सरचं भांडं गळत होतं ते शेवटपर्यंत गळतच होतं. "आज आणू, उद्या आणू," म्हणत त्यांनी त्या भांड्याला फेविकॉलपासून डांबरापर्यंत सगळं लावून पाहिलं.

मुंबईहून मालिकावाले आले ती दुपार मी विसरणार नाही. तिघं आले, तीन वाजता. अण्णा पंच इन झालेले. मी सांगितलं, साडेचारपर्यंत भेटणार नाहीत. त्यांना वाटलं मी मस्करी करतेय. दीड तास ते व्हरांड्यात बसले, वहिनींचा चिवडा दोनदा संपवला. साडेचारला खट्ट आवाज झाला आणि अण्णा हात पुसत बाहेर आले. मालिकावाल्यांनी आकडा सांगितला. तो ऐकून मी खुर्चीचा हात धरला. अण्णांनी मान डोलावली. मग त्यांच्यातला मुख्य म्हणाला, "सर, बस एकच. ड्रॅगन थोडा बडा कर सकते हैं?"

"बडा करेगा तो उडेगा नहीं," अण्णा म्हणाले.

"सर, फँटसी है!"

"फँटसी है, इसीलिए तो संभालना पडता है."

तरीही करार झाला, ड्रॅगन आहे तेवढाच ठेवून. अट मालिकावाल्यांची एकच होती, आणि ती वाजवी होती: सातवा, शेवटचा खंड ठरल्या दिवशी छापून आला पाहिजे, म्हणजे मालिका त्याच्या पाठोपाठ काढता येईल. तो दिवस चुकला तर करार रद्द.

सातवा खंड वेळेआधी झाला. शेवट काय, ते आम्ही तिघं आणि दिल्लीच्या बाई एवढ्यांनाच माहीत. गडाच्या आतल्या चौकात एक दगड आहे. वर्षातून एकदा, ठरल्या दिवशी, दरवाजातून येणारं ऊन त्या दगडावर चौदा मिनिटं पडलं की मांत्रिकाची बांधणी सुटते आणि गडाला वाचा फुटते. गवंड्याची मुलगी रात्रभर लढून पहाटे दरवाजा उघडते, सूर्य उगवतो, ऊन दगडाला लागतं. मी तपासलं, सही केली. वहिनींनी "पोरीला काही होत नाही ना?" विचारून मंजूर केलं. पुस्तक दिल्लीला गेलं.

त्यानंतर एका संध्याकाळी मी देवनहळ्ळीची बाग बघून बसने परत येत होते. बस वळली आणि मावळतीचं ऊन सरळ डोळ्यांत आलं. मी हात आडवा धरला. त्याच क्षणी मला दुसऱ्या खंडातलं वाक्य आठवलं: गवंड्याची मुलगी गडाच्या दरवाजातून पहिल्यांदा बाहेर पडते आणि मावळतीच्या उन्हाने तिचे डोळे दिपतात, म्हणून ती हात आडवा धरते.

मावळतीच्या. म्हणजे दरवाजा पश्चिमेला. मग सातव्या खंडात त्यातून सकाळचं ऊन आत येतं कसं?

मी बसमध्ये उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, "स्टॉप इन्नू दूर इदे, मेडम." स्टॉप दूर आहे हे मलाही माहीत होतं. बसून राहवेना.

चूक कशी झाली ते फक्त ड्रॉइंग ऑफिसवाल्यालाच कळेल, पण सोपं करून सांगते. वस्तूची बाजू कागदावर काढायच्या दोन रीती आहेत. एका रीतीत डावीकडून दिसणारी बाजू डावीकडेच काढतात, दुसऱ्या रीतीत ती उजवीकडे काढतात. कुठली रीत वापरली ते सांगायला खाली एक छोटी खूण करतात. गडाचा पहिला नकाशा अण्णांनी नोकरी सोडता सोडता काढला, त्या काळात आमच्या कारखान्यात परदेशी मशीनचं काम चालू होतं. त्यांची रीत वेगळी, आणि अण्णांचा हात तेव्हा त्या रीतीत बसलेला. पंधरा-सोळा वर्षांनी सातवा खंड लिहिताना त्यांनी तोच कागद आपल्या नेहमीच्या रीतीने वाचला. पश्चिमेचा दरवाजा पूर्वेला आला. कागदावर खूण नव्हती. आणि मी सातवा खंड त्या कागदाशी ताडून पाहिला, आधीच्या खंडांशी नाही. तपासणाऱ्याची चूक.

कोणाच्या लक्षात आलं नसतं? आलं असतं. घोडा मोजणारे लोक होते ते. पण मी गप्प बसू का, असा विचार माझ्या मनात आला, हे कबूल करते. पीण्याचा स्टॉप येईपर्यंत तो होता. मग मी रिक्षा केली आणि थेट अण्णांच्या घरी गेले.

त्यांनी सगळं ऐकलं. उठले, दुसरा खंड काढला, ते वाक्य वाचलं. मग जुना कागद काढून कोपरा बघितला, जिथे खूण हवी होती. बराच वेळ ते त्या रिकाम्या कोपऱ्यावरून बोट फिरवत होते.

"दिल्लीला फोन लाव," ते म्हणाले.

दिल्लीच्या बाईंनी आधी हसून घेतलं, मग त्यांचा आवाज उतरला. छापखान्याची वेळ ठरलेली होती. दहा दिवस, त्यापुढे एकही नाही. "सर, दुसऱ्या खंडातलं एक वाक्य बदलू या ना? पुढच्या आवृत्तीत मावळतीच्याऐवजी उगवतीच्या."

"लाखो लोकांच्या घरी ती पोर मावळतीकडे बघत उभी आहे," अण्णा म्हणाले. "त्यांच्या घरी जाऊन मी पान बदलू?"

"आणि मालिकेचा करार?"

"तो गेला तर गेला."

"गेला तर गेला म्हणे," आतून वहिनी म्हणाल्या. "मिक्सर अजून यायचाय."

पण सही वहिनींनीच पहिल्यांदा खोडली. मंजूर केलेला चौकोन त्यांनी स्वतः काट मारून रद्द केला, आणि म्हणाल्या, "करा नीट. मी डबा देते."

ते दहा दिवस! माझ्या सगळ्या नोकरीत तसे दिवस आले नाहीत. शेवट पहाटेचा होता, तो संध्याकाळचा करायचा. ऐकायला सोपं. पण पहाटे दरवाजा जिंकलेल्या मुलीला आता संध्याकाळपर्यंत तो राखावा लागणार होता. अख्खा दिवस. तिच्याकडे अठरा माणसं, तीही मुकी, पाणी दोन घागरी. अण्णा आठच्या ठोक्याला पंच करून बसत आणि त्या दिवसाचा एकेक तास लिहीत. मी शेजारच्या टेबलावर: सावली आता कुठवर आली, पाणी किती उरलं, कोण किती वेळ जागं आहे. "अकरा वाजता बुरुजाची सावली विहिरीला लागते, अण्णा." "सरी, ठीक. मग विहिरीपाशी जखमी ठेवू." साडेचारला ते पंच आउट करत आणि पाच वाजता पुन्हा पंच इन. सोळा वर्षांत पहिला ओव्हरटाइम. जो दिवस पुस्तकात नव्हताच, तो सातही खंडांतला सगळ्यात चांगला होत चालला होता. आम्हा दोघांना ते कळत होतं.

सातव्या दिवशी मी घोटाळा केला. म्हणजे माझं काम केलं. त्या तिथीला सूर्य बरोबर पश्चिमेला मावळत नाही, थोडा बाजूला मावळतो. मी कोन काढला, दरवाजाची रुंदी धरली, दगडाची जागा धरली. ऊन चौकात येत होतं, पण दगडाच्या बाजूने निघून जात होतं.

"किती?" अण्णांनी विचारलं.

"सव्वादोन फूट."

"दगड हलवता येणार नाही."

"माहीत आहे. सहा खंड तो तिथेच आहे."

अण्णा खुर्चीत मागे टेकले. मला वाटलं, आता हा माणूस मोडतो. सत्तरीकडे आलेलं वय, सात दिवसांची झोप उडालेली. पण त्यांचे डोळे चमकायला लागले. "अगं, म्हणजे ऊन येणार, सगळ्यांना दिसणार, आणि दगडाला लागणारच नाही!" ते टाळी वाजवून उभे राहिले. "अख्खा दिवस लढले आणि सव्वादोन फूट कमी! बस, बस. आता माणूस लागणार. मंत्र नाही, माणूस."

गडाच्या स्वयंपाकघरात पहिल्या खंडापासून एक म्हातारी होती. ती नऊ वर्षं मुकी. कामाला लखलखीत, तोंडाला कुलूप. अण्णांनी तिला बाहेर काढलं. ती उन्हाचा पट्टा बघते, दगड बघते, आत जाते, पितळेची परात घेऊन येते आणि पट्ट्यात उभी राहून ऊन दगडावर वळवते. चौदा मिनिटं. मग दगड फुटतो आणि गडावरचा पहिला आवाज निघतो तो तिचा.

पण ती काय म्हणते? त्यावर सगळं अडलं. नऊ वर्षांनी फुटलेली वाचा. सात खंड वाचक त्या पहिल्या शब्दाची वाट बघत होते. अण्णांनी पहिल्यांदा लिहिलं, "आम्ही आलो." खोडलं. मग देवाचं नाव. खोडलं. मग मुलीला आशीर्वाद, चार ओळींचा. मी म्हटलं, "नऊ वर्षांनी कोण एवढं लांब बोलतं?" खोडलं. दोन दिवस गेले. दहाव्या दिवशी संध्याकाळी पुस्तक पूर्ण होतं, आणि शेवटच्या पानावर म्हाताऱ्या बाईच्या तोंडासमोर अवतरणचिन्हं आणि त्यांच्यामध्ये रिकामी जागा. दिल्लीचा फोन दर तासाला.

मी तेव्हा सही करायला नाही म्हटलं. रिकाम्या जागेमुळे नाही, परातीमुळे. "साडेतीन किलोची परात साठीची बाई चौदा मिनिटं हात उचलून धरेल? मला नाही वाटत."

"तुझं वय किती?" अण्णा म्हणाले.

"त्रेपन्न."

"होईल तेवढ्याने." मग आत वळून, "अगं, परात आण!"

वहिनींनी परात आणली. "माझ्या लग्नातली आहे, पोचा पाडलास तर बघ." अण्णांनी कुंपणाच्या भिंतीवर खडूने दगड काढला, मला मोजून उभं केलं आणि स्टॉपवॉच घेऊन पायरीवर बसले. समोरून ऊन. मी परात छातीच्या वर धरली, उजेडाचा गोळा भिंतीवर थरथरत खडूच्या दगडात नेऊन बसवला.

तीन मिनिटं काही वाटलं नाही. पाच मिनिटांनी खांदे बोलायला लागले. सूर्य थांबत नाही, त्यामुळे परात सारखी तसूभर फिरवावी लागे. रस्त्यावरचा रिक्षावाला थांबून म्हणाला, "एन् मेडम, टीव्ही बरल्वा?" त्याला वाटलं, टीव्ही लागत नाही म्हणून मी अँटेना धरली आहे. दोन बायका फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. आठव्या मिनिटाला माझ्या कोपरातून घाम ठिबकत होता. वहिनी म्हणाल्या, "पुरे हो, बिचारीला सोडा." मी म्हटलं, "मध्ये बोलू नका, उजेड हलतो." अकराव्या मिनिटाला दंड इतके थरथरायला लागले की भिंतीवरचा उजेड नाचत होता, आणि मी ओठ दाबून फक्त तो खडूचा दगड बघत होते. मला सांगायला लाज नाही, त्या वेळी मला खरंच वाटत होतं की मी परात खाली केली तर कोणीतरी मुकं राहील.

"तेरा," अण्णा म्हणाले.

"चौदा!"

मी परात छातीशी घेतली, पायरीवर बसले आणि म्हणाले, "अय्यो, हात तुटले की हो."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते उठून आत गेले. मला वाटलं पाणी आणायला. पाणी वहिनींनी आणलं. अण्णा टेबलापाशी उभ्याउभ्याच लिहीत होते, अवतरणचिन्हांच्या मधल्या जागेत. मी जे म्हणाले होते, ते इंग्रजीत तीनच शब्द होतात.

दिल्लीच्या बाईंना ते फोनवर ऐकवलं. त्यांनी एकदाच नाक ओढलं आणि "पाठवा," म्हणाल्या. पुस्तक ठरल्या दिवशी आलं. कॉलेजातल्या मुलांच्या पाठीवर ते वाक्य छापलेले टी-शर्ट आता मी सिग्नलला पाहते, आणि पुढे बघून चालू लागते.

त्या संध्याकाळी अण्णांनी पान माझ्यासमोर ठेवलं आणि दुसऱ्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाले, "तपास." मला पेन नीट धरता येत नव्हतं. वाक्य मी एकदाच वाचलं आणि सही केली. त्यात तपासण्यासारखं काही नव्हतं. हात खरंच तुटले होते.